बारा पेट्या व्हॉल्व्ह

मुनाफच्या बायकोला, नूरुन्निसाला, आठवा महिना लागायला नऊ दिवस उरले होते. आठवा लागला की विमानवाले बसू देत नाहीत. विमान जेद्दाहून, म्हणजे आधी अल-खोबरपासून बसने सबंध वाळवंट ओलांडायचं. त्याआधी देश सोडायचा एक्झिटचा कागद हवा, आणि कागदावर कंपनीच्या लाकोंब साहेबाची सही. आखातातलं युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, आकाशातून काय पडेल त्याचा नेम नव्हता, आणि मुनाफचा सगळा संसार एका फ्रेंच माणसाच्या पेनात अडकला होता.

साहेबाला घाई होती ती वेगळीच. त्याच्या बोर्दो मुलखात म्हणे असं द्राक्षांचं साल शतकातून एकदा येतं. वाइन अजून पिंपात, बाटलीत भरायला दोन वर्षं, पण खरेदी आत्ताच करून ठेवायची. नावाजलेल्या मळ्यांची परवडत नव्हती, म्हणून साहेब कुणी न ऐकलेली, पुढे नाव काढतील अशी नावं हुडकत बसला होता.

"जी वस्तू अजून झालीच नाही, ती विकत घ्यायची?" मुनाफने विचारलं.

"तुम्ही दोघं बाळाचं नाव ठरवून बसलाच असाल ना?"

मुनाफ कंपनीचा टेलेक्स ऑपरेटर, तो आपल्या मशीनकडे वळला.

तिथल्या व्यापाऱ्याने चाखून लिहिलेली वर्णनं साहेब मोठ्याने वाची. 'ओली माती, चामडं, पेन्सिलीचा भुसा.' मुनाफला वाटलं, तक्रारी आहेत. प्रत्येक वर्णनाला तो सहानुभूतीने मान हलवत राहिला.

शेवटी साहेब म्हणाला, "दोन नावं उरलीत. तू आयुष्यात थेंब घेतला नाहीस, तुझं मन स्वच्छ. ठेव बोट."

मुनाफने बोट ठेवलं. बिस्मिल्ला तेवढं म्हटलं नाही, ते शोभलं नसतं.

"यांचा होकार आला की तुझ्या कागदावर सही."

सौदीतून वाइनचा टेलेक्स पाठवायचा तर वाइन म्हणून चालत नाही. ठरलेला शब्द होता व्हॉल्व्ह. मुनाफने टाइप केलं : बारा पेट्या व्हॉल्व्ह आम्ही घेऊ. बोटं तिथे थांबली नाहीत. सहा वर्षांत सिमेंट असो की पाइप, 'घेऊ', 'पाठवू', 'येऊ' यांच्यामागे ती एकच शब्द मारत आली होती. तो नसला तर इथली गिऱ्हाइकंच संशय घेत. बोटांनी इन्शाल्ला मारलं आणि टेलेक्स गेला.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. 'आपला नकार समजला. पेट्या बेल्जियमच्या गिऱ्हाइकाला दिल्या.' व्यापारी वीस वर्षं बहारीन-दुबईच्या हॉटेलांना माल देत आलेला. इन्शाल्लाचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता : नाही.

साहेबाने टेलेक्सची प्रत मागवली. "हे काय घातलंस?"

"अल्लाची मर्जी असेल तर, साहेब."

"त्याला माझ्या वाइनमध्ये कुणी ओढलं?"

खरं तर मुनाफलाही तीच धास्ती पडली होती.

"आता मलाच जाऊन पिंपातून चाखलं पाहिजे," साहेब म्हणाला. स्वतःचा कागद त्याने त्याच दुपारी करून घेतला. दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी त्याला न्यायला आली, तेव्हा मुनाफ दारापाशी आडवा उभा राहिला.

"साहेब, माझी सही."

"आल्यावर."

"तीन दिवस राहिलेत, साहेब."

"खलास, मुनाफ." आणि गाडी गेली. सही करायला दुसऱ्या कुणाला मुखत्यारी नव्हती.

घरी नूरुन्निसा बांधलेल्या बॅगेवरच बसली होती. "झाली सही?"

"साहेब गेला."

"खंय?"

"दारू चाखायला."

ती आधी हसली. नवऱ्याची थट्टा तिला सवयीची होती. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

मगरिबच्या, सांजेच्या नमाजाच्या सुमारास सायरन झाला. कंपनीने माणशी एक गॅसमास्क दिला होता. माणूस म्हणजे कामगार. कुटुंबासाठी फक्त सूचनांचं पत्रक होतं.

"घाल," मुनाफने मास्क पुढे केला.

"तुमीच घाला. आमी दोघं, ह्यो एक. पोटातल्याला कसा पुरंल? तुमी एकटेच, तुमाला बरोबर बसंल."

मुनाफ मास्क हातात धरूनच बसला. ती उठली, बॅग उघडली आणि एकेक कपडा परत कपाटात लावू लागली. सायरन थांबला तेव्हा बॅग रिकामी झाली होती.