आठ नंबरच्या खुर्चीतलं अस्वल

कॅनडातल्या किचनर गावच्या आइस रिंकमध्ये सहाव्या रांगेतल्या सात, आठ आणि नऊ नंबरच्या खुर्च्या एकोणीस हिवाळे एकाच घराच्या होत्या. सातवर प्रभा, नऊवर तिची नणंद वनिता आणि मध्ये आठवर नंदकुमार. तो मध्ये बसायचा तो काही हॉकी नीट दिसावी म्हणून नव्हे. बायको आणि बहीण शेजारी-शेजारी आल्या असत्या, तर बर्फावरच्या मारामाऱ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

एप्रिलमध्ये नंदकुमार गेला. आठ नंबर रिकामी राहिली, पण सात आणि नऊ काही हलल्या नाहीत. हलणार कशा? टोरोंटोची मोठी टीम टीव्हीवर बघायची आणि तिला नावं ठेवायची, पण खरी मजा या गावच्या पोरांची. सतरा-अठरा वर्षांची, धड दाढी न फुटलेली, पण रिंकभोवतीच्या काचेवर अशी आदळायची की प्रभाच्या कवळीला हादरा बसायचा. रेफरीने चुकीची शिटी फुंकली की सत्तरीची प्रभा उभी राहून ओरडायची, "डोळे फुटले का रे मेल्या!" त्याला मराठी कळत नसे, हे त्याचं नशीब.

पण यंदा तिचं मन मॅचमध्ये लागत नव्हतं. नंदकुमारची निळी जर्सी गायब होती. कपडे दान करायला काढले त्या दिवशी वनिता घरी आली होती आणि तेव्हापासून जर्सीचा पत्ता नव्हता. पोटावर तेलाचा पिवळा डाग असलेली जर्सी. डाग वनितानेच चोरून आणलेल्या चिवड्याचा. तो काढता काढता प्रभाने नणंदेला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या, आणि आता तोच डाग तिला हवा होता. विचारलं तर वनिता हो म्हणेना, नाही म्हणेना. प्रभाने ठरवलं होतं, आज जर्सी मिळाली नाही तर रिंकच्या ऑफिसमध्ये सांगून समोरच्या बाजूला जागा घ्यायची आणि या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही.

डिसेंबरातला रविवार, दुपारी दोनची मॅच. आज अस्वलं फेकायचा दिवस. आपल्या टीमचा पहिला गोल झाला की सगळ्यांनी सॉफ्ट टॉय बर्फावर फेकायची. मग ती हॉस्पिटलातल्या मुलांना जातात. ओली होऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणायची. प्रभाने एक आणलं होतं. वनिता आली आणि तिने दोन गाठी मारलेली पांढरी पिशवी आठ नंबरवर ठेवली.

"वन्सं, ती पिशवी उचला. ती यांची जागा आहे."

"दादाची आहे म्हणूनच ठेवलीय, वहिनी."

"टॉय ठेवायला मांडी नाही का तुम्हाला? आणि यांची जर्सी कधी देताय?"

"मॅच संपू दे. सांगते."

"एप्रिलपासून ऐकतेय मी."

"तुम्हाला पेशन्सच नाही. दादा म्हणायचाच."

हे मात्र प्रभाला झोंबलं. नवरा बहिणीपाशी आपल्याबद्दल काय काय बोलला असेल, या विचाराने तिचं डोकं फिरलं.

तीनपैकी दुसऱ्या पीरियडमध्ये आपल्या सतरा नंबरच्या पोराने गोल मारला. सगळा रिंक उठला. अस्वलं, ससे, हत्ती काचेवरून पलीकडे पडू लागले. प्रभाने आपली पिशवी भिरकावली. हात सुटलाच होता. तिने आठ नंबरवरची पांढरी पिशवी उचलली आणि दुखऱ्या खांद्याची पर्वा न करता तीही भिरकावली. फार बरं वाटलं तिला.

वनिता पिशवी कुठे पडली ते बघत राहिली.

"ते फेकायचं नव्हतं, वहिनी."

"मग आणलंत कशाला?"

"शेजारच्या केंब्रिज गावात एक बाई आहे. माणूस गेलं की त्याच्या कपड्याचं अस्वल शिवून देते. सात महिन्यांचं वेटिंग होतं. काल मिळालं. त्यात दादाची जर्सी आहे."

प्रभा पायऱ्या उतरून धावली. खाली व्हॉलंटियर पोरं पिशव्या गोळा करून मागच्या पॅसेजमध्ये ढीग लावत होती. हजारो पिशव्या. एका मुलीने विचारलं, तुमचं कसं दिसतं? प्रभाने ती पिशवी उघडून पाहिलीच नव्हती.

"बाजूला व्हा," मागून वनिता म्हणाली.

दोघी फरशीवर बसून पिशव्या उपसू लागल्या. वर तिसरा पीरियड सुरू झाला, लोक ओरडले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी गोल मारला हे दोघींना कळलं नाही. शेवटी वनितालाच दोन गाठी सापडल्या. निळं अस्वल. डाग अगदी पोटावर आला होता. तिने शिवणाऱ्या बाईला तसं बजावूनच सांगितलं असणार.

प्रभाने हात पुढे केला. वनिताने अस्वल छातीशी धरलं.

"द्या, वन्सं. मला माहीत नव्हतं."

"विचारलंत? मॅच संपल्यावर तुम्हाला द्यायला आणलं होतं. तुमच्यासाठीच केलं होतं. आता नाही देणार."

प्रभाने हात मागे घेतला. वनिताच्या जागी असती तर तिनेही दिलं नसतं.

उरलेली मॅच त्यांनी आपल्या जागांवर बसून काढली. अस्वल आठ नंबरवर होतं, एक पाय वनिताच्या मुठीत. प्रभाने हळूच डागाकडे बोट नेलं.

"हात नका लावू," बर्फावरची नजर न हलवता वनिता म्हणाली.

आपली टीम हरली. कोट चढवताना प्रभाने विचारलं, "शुक्रवारी मॅच आहे. आणाल ना?"

"बघू."

जागा बदलायचं प्रभाने कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी मॅचच्या तासभर आधी दारं उघडली; रिंक अजून रिकामा होता, आणि सात नंबरवर ती एकटी येऊन वनिताची वाट बघत बसली होती.