चौथ्या सहीची नळी

मी एक नळी आहे. बागेत पाणी घालणारी नव्हे. विमानाच्या इंजिनाला पेट्रोल पोचवणारी. चंद्रपूरबाहेरच्या एका लहानशा धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांचं जुनं विमान आहे, त्याच्यासाठी मला मागवलं होतं. सोबत माझ्या कुळाचा दाखला होता, म्हणजे मी कुठे आणि कशाची घडले याचा कागद. त्यावर तीन सह्या होत्या; चौथी नागपूरहून यायची होती.

"सही आल्याबिगर मी कपाट उघडत नाई, भाऊ," भांडारातल्या ललिताबाईंनी मेकॅनिक रहीमभाऊंना सांगितलं आणि मला कुलूपबंद केलं. कपाटाच्या जाळीतून बाहेरचं सगळं दिसायचं.

विमानातल्या जुन्या नळीला चिरा पडल्या होत्या. रहीमभाऊंनी धानावर औषध मारायच्या पंपाची हिरवी नळी कापली, मोपेडची पट्टी आवळली, झालं काम. तिच्याकडे एकही सही नव्हती, म्हणून ती इंजिनात. माझ्याकडे तीन होत्या, म्हणून मी कपाटात.

इथली एक रीत आहे. दुरुस्ती करणाऱ्यानं पहिल्या फेरीत स्वतः विमानात बसायचं. रहीमभाऊ बसले, सुखरूप उतरले. "काय डोकं हाय तुमचं," म्हणत लोकांनी माझ्या सवतीला हात लावून पाहिलं. माझा नुसता जळफळाट. ती फुटावी म्हणून मी नवस बोलले.

दुसऱ्या दिवशी नागभीडची शिकाऊ दिव्यानी पहिल्यांदाच एकटी उडणार होती. माझा नवस कुणाच्या जिवावर फळणार, ते तेव्हा कळलं. पण कपाटातून ओरडायची सोय नव्हती.

दिव्यानी चढता चढता थांबली.

"भाऊ, काल तुमी बसले होते. आज?"

"एकट्याच्या उडानात दुसऱ्याले बसता येत नाई."

"मंग आज हिची हमी कोन घेते?"

"काल चालली न, बाई."

"काल वीस मिनिटं चालली. मले घंटाभर उडाचं हाय. तितका वेळ इथीच चालवून दाखवा."

रहीमभाऊ हसले, पण चाकांना अडण लावून त्यांनी इंजिन सुरू केलं. चाळिसाव्या मिनिटाला ते खोकलं आणि पंखा थांबला. सवत पेट्रोलनं लिबलिबीत होऊन आतल्या आत मिटली होती. रहीमभाऊंनी ती काढून बोटांनी दाबून पाहिली. "औषध अन् पेट्रोल, मले एकच वाटलं," एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी सही आली. मी इंजिनात गेले. दिव्यानी उडाली, उतरली. माझं नाव कुणी काढलं नाही. मी नीट काम केलं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्याचं कौतुक कोण करतो?

सवत मात्र वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला टांगली आहे. नवा शिकाऊ आला की रहीमभाऊ आधी त्याला तिच्यासमोर उभं करतात. फाशी गेली तरी मान तिचाच.

मला भिंत नको. मीही रबराचीच, कधीतरी चिरणारच. उडायच्या आधी इंजिनाचं झाकण उघडून एकदा माझ्याकडेही बघत जा.