बंद घरासमोरचा गतिरोधक

मित्रांनो, गाडीला खालून दणका बसला की पुढे बसलेलं मोठं माणूस ज्याच्या नावाने बोटं मोडतं ना, तो मी. सरकारी भाषेत मला गतिरोधक म्हणतात, बाकी सगळे स्पीडब्रेकर म्हणतात. शिव्यांचं मला काही वाटत नाही, तो माझ्या कामाचाच भाग आहे. पण माझ्या मनाला जे खातं ते वेगळंच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझी कहाणी पुरी होत नाही.

माझा जन्म जुन्या टायरांच्या चुऱ्यातून झाला. जन्मभर पळून पळून झिजलेले टायर कारखान्यात आले, त्यांचा भुगा झाला, तो तापवून साच्यात दाबला आणि काळ्या-पिवळ्या रंगाचे जाड तुकडे बाहेर पडले. ते ओळीने रस्त्याला बोल्टने आवळले की झालो मी तयार. "पळणाऱ्यांच्या पोटी हा थांबवणारा कसा जन्मला!" असं कारखान्यातला मुकादम हसत हसत म्हणायचा. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा!

इकडे एका शाळेच्या रस्त्यावर माझ्यासाठी धडपड चालली होती. रस्ता एकेरी. मोठा रस्ता सोडून गाडी आत शिरली की आधी एक कुलूपबंद घर लागायचं, मग वळण. वळणानंतर रस्ता सरळ. त्यावर ओळीने किराणा दुकान, दाताचा दवाखाना, शिवणकाकूंचं घर आणि त्याला लागूनच शाळेचं फाटक. शिवणकाकू म्हणजे घरी कपडे शिवून देणाऱ्या काकू. त्यांचं मशीन खिडकीशी होतं. सुसाट येणाऱ्या गाड्या आणि त्यांच्यामधून रस्ता ओलांडणारी मुलं रोज बघून बघून त्यांचा मशीनवरचा पाय थांबायचा. शेवटी गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून त्या दारोदार फिरल्या. "एखादं पोर उडालं म्हणजे जागे होणार का आपण?" असं विचारून त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. रस्ते खात्यात चपला झिजवल्या. आणि एक दिवस मला टेम्पोत घालून साहेब हजर झाले.

साहेबांनी खडूने रेघ मारली ती बरोबर काकूंच्या खिडकीसमोर. "फाटकाच्या थोडं आधी, हीच योग्य जागा," ते म्हणाले. "फक्त ज्यांच्या दारात बसेल त्यांची हरकत नको."

मी टेम्पोतून बघत होतो. काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांचे यजमान छापखान्यात रात्रपाळीला होते आणि दिवसा त्याच पुढच्या खोलीत झोपायचे. रिकामा ट्रक माझ्यावरून गेला की किती आवाज होतो हे काकूंना ठाऊक असावं.

"साहेब, जरा अलीकडे घेतला तर नाही का चालणार?" काकू हळूच म्हणाल्या. "यांची झोप मोडेल हो."

झालं! रेघ दवाखान्यासमोर गेली. तसे दाताचे डॉक्टर हातमोजे घातलेलेच बाहेर आले. "अहो, दणक्याने माझा हात हलला तर भलताच दात हातात यायचा!" रेघ दुकानासमोर गेली. दुकानदार म्हणाला, "माझ्या बरण्या नाचायला लागतील." आता या तिघांच्याही सह्या अर्जावर होत्या बरं का! मी हवा होतो सगळ्यांना, दारात मात्र कुणालाच नको होतो. सरकत सरकत रेघ वळणाआड त्या कुलूपबंद घरासमोर गेली. तिथे हरकत घ्यायला होतंच कोण? साहेबांनी खांदे उडवले आणि मला तिथे ठोकलं.

सुरुवातीचे दिवस मोठे कौतुकाचे गेले. येणारी जाणारी माणसं म्हणायची, "बघा, एकी असली की कामं होतात." मुलं माझ्यावर चढून उड्या मारायची. एकटी कुरकुर करायची ती शाळेतली मावशी. सकाळ-दुपार हात वर करून मुलांना रस्ता ओलांडून देणं हे तिचं काम. ती म्हणायची, "अहो, हा वळणाआड काय दिवे लावतोय? गाड्या हळू होतात तिकडे आणि पळतात इकडे!"

"आता बसलाय ना मावशी, बघू पुढे," असं सगळे म्हणायचे. काकू तेवढ्या खाली बघत पुढे निघून जायच्या.

मावशीचं खरं होतं. मला तर ते रोज कळत होतं. गाडी माझ्यापाशी आली की शहाण्यासारखी हळू व्हायची, मला ओलांडायची आणि मग गेलेला वेळ भरून काढायला दुप्पट जोराने वळणावरून सुटायची. मी वेग थांबवत नव्हतो, पुढे ढकलत होतो. आणि मला ओरडून कुणाला सांगताही येत नव्हतं.

एके सकाळी शाळेची घंटा व्हायला आली होती. एक बाबा आपल्या मुलीला सोडायला निघाले होते. माझ्यावरून त्यांनी गाडी इतकी जपून नेली की मागे बसलेल्या मुलीचा डबासुद्धा हलला नसेल. मग ते निघाले भरधाव. वळणापलीकडून आधी ब्रेकची किंकाळी आली आणि मग मावशीची.

हात धरलेली दोन्ही पोरं तिने ढकलून दिली होती. पोरांना खरचटलंसुद्धा नाही. मावशीचा पाय मात्र मोडला, दोन ठिकाणी. ते बाबा रस्त्यात उभे राहून रडवेल्या आवाजात सांगत होते, "मी हळू केली होती हो! स्पीडब्रेकरवर अगदी हळू केली होती!" मित्रांनो, ते खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी मला वाटलं, पुन्हा आपला भुगा झाला तर बरं.

काकू परत खात्यात गेल्या, या वेळी कुणाच्या सह्या न घेता, "आता तो आमच्याच दारात बसवा" म्हणायला. मग साहेब आले आणि ड्रिलवाला मला उखडू लागला. काकूंचे यजमानही रात्रपाळीहून येऊन न झोपता तिथे उभे होते. डोळे लाल झालेले.

"ताई, नक्की ना?" साहेबांनी विचारलं. "मागे तुम्हीच म्हणाला होतात, यजमानांची झोप मोडेल म्हणून."

यजमानांनी काकूंकडे पाहिलं. "म्हणजे तो वळणाआड गेला तो माझ्या झोपेपायी?"

काकूंची मान खाली गेली.

"अगं, मला एका शब्दाने विचारायचंस तरी! मी नाही म्हटलं असतं का?"

"म्हटलं नसतं," काकू म्हणाल्या, "म्हणून तर विचारलं नाही. दिवसभर तुम्हाला तळमळताना मलाच बघवलं नसतं." आणि त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.  यजमानांनी माझा एक तुकडा उचलला आणि ड्रिलवाल्याच्या मागोमाग चालत आपल्या खिडकीसमोर नेऊन ठेवला.

तेव्हापासून मी इथे आहे, जिथे पहिल्या दिवशी असायला हवा होतो तिथे. ट्रक आला की धाडकन आवाज होतो. यजमानांनी खाट स्वयंपाकघरात नेली आहे, पण तिथेही ती करकरते आणि मला कळतं, यांनी पुन्हा कूस बदलली. चुकीच्या जागी होतो तेव्हा एकीचा पाय मोडला, बरोबर जागी आलो तर एकाची झोप मोडते. माझ्या वाट्याला निर्धास्त दिवस नाहीच.

बऱ्याच दिवसांनी मावशी काठी टेकत कामावर आली. शाळा सुटायची वेळ होती. काकू मशीन तसंच सोडून धावल्या. "मावशी, तो तिकडे गेला तो माझ्यामुळे. पहिल्यांदा 'अलीकडे घ्या' मीच म्हटलं. मला क्षमा कर गं."

 "क्षमेचं राहू दे," मावशी म्हणाली. "क्षमेने माझा पाय काही पळायला लागणार नाही. रोज दुपारी शाळा सुटताना इथे येऊन उभी राहशील?"

"राहीन."

"मग आत्ताच राहा. हात वर कर. अजून वर, ड्रायव्हरला दिसू दे. आणि शेवटचं पोर पलीकडे पोचल्याशिवाय खाली घ्यायचा नाही, दुखला तरी."

काकूंनी हात वर केला.  एक गाडी माझ्यापाशी हळू झाली, माझ्यावरून उतरली, आणि त्या हातासमोर खरोखरच थांबली. मुलं चिवचिवत पलीकडे गेली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला त्यांनी हात खाली घेतला नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या गल्लीत कधी माझ्या भावंडाची मागणी झाली, तर त्याला आपल्या दारात जागा द्या. आणि उद्या गाडी चालवाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा की माझं बळ माझ्या रुंदीइतकंच. मला ओलांडलंत की तुमचा पाय पुन्हा वेग वाढवायला शिवशिवेल. पुढच्या त्या रस्त्यावर मी नाही. तिथे एक मावशी हात वर करून उभी असेल.