प्रभुभोजनाआधी

धाकटी बहीण दारात येऊन उभी राहिली तरी ताईने हातातली कवळी घासणं थांबवलं नाही. फिरत्या दगडाची घरघर तिने मुद्दामच चालू ठेवली. पाच वर्षांनी आलेल्या माणसाला आणखी पाच मिनिटं उभं राहायला काही हरकत नव्हती.

आई या धाकटीला छकुली म्हणायची. छकुली आता सत्तेचाळिशीची झाली होती. पांढरे कपडे, काखेत बायबल, आणि गळ्यातला क्रूस असा की रस्त्यापलीकडून दिसावा. ताईने चष्म्यावरून एकदा तिला नखशिखांत पाहून घेतलं आणि पुन्हा कवळीकडे वळली.

"आत ये," शेवटी ती म्हणाली. "फक्त त्या साच्यांना धक्का लावू नकोस. लोकांची तोंडं आहेत ती."

फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडले होते. छकुली अंग चोरून त्यांच्या खालच्या स्टुलावर बसली आणि कसनुसं हसली. ताईला तिचं हसू कधीच पटलं नव्हतं. माप न घेता अंदाजाने बसवलेल्या दातांसारखं ते तोंडात सैल हलायचं. तीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्या बाईला असल्या गोष्टी लगेच कळतात.

"आज रविवार. या वेळी तू चर्चमध्ये डोळे मिटून बसलेली असतेस ना?"

"तिथूनच आले. उपासना चालू असताना उठले."

"का, प्रवचन लांबलं?"

छकुलीने टोमणा गिळला. "तीन रविवार झाले, मी प्रभुभोजनाची भाकर घेतलेली नाही. पाळक म्हणाले, घरात वैर ठेवून वेदीपाशी येऊ नका. आधी जाऊन समेट करा."

"म्हणजे तू माझ्यासाठी आलेलीच नाहीस. तुझी भाकर अडलीय, म्हणून आलीस."

हे वाक्य ताईला स्वतःलाच आवडलं. एके काळी ती पण त्याच चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची. आईला पुरल्यानंतर मात्र तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला हमखास रुमाल काढणाऱ्या बायका आणि त्यांच्यात सगळ्यात आधी रुमाल काढणारी आपली बहीण, यांचा तिला वीट आला होता. देवाशी तिचं भांडण नव्हतं. त्याच्या आजूबाजूला जमणारी माणसं तिला सोसवत नव्हती.

"क्षमा-बिमा काय मागायचीय ती माग आणि मोकळी हो," ती म्हणाली. "माझी दोन कामं राहिलीत."

"क्षमा नंतर. आधी सांगायचंय." छकुलीने बायबल मांडीवर ठेवलं, मग जागा चुकल्यासारखं उचलून खाली जमिनीवर ठेवलं. "आई माझ्याकडे आजारी होती तेव्हा तू फोन करायचीस. येऊ का, म्हणून विचारायचीस. मी सांगायचे, आई नको म्हणतेय."

"माहितीय. मीच ऐकलंय ते. सहा वेळा."

"आई तसं कधीच म्हणाली नव्हती."

ताईने पायाखालचं बटण दाबलं. दगड हळूहळू फिरत थांबला.

"ती रोज विचारायची, ताई कधी येणार. तिची कवळी ढिली झाली होती. घास चावता यायचा नाही. मी म्हटलं, इथल्या डॉक्टरांना दाखवू. तर ती म्हणाली, माझ्या पोरीने केलीय, तीच नीट करेल, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग काढूनच ठेवली. ताई आली की घालेन, म्हणाली."

शवपेटीत आईचं तोंड खपाटीला गेलेलं ताईने पाहिलं होतं. ती कवळी तिने स्वतः केली होती, चार वेळा माप घेऊन, आईच्या तरुणपणीच्या फोटोतला पुढचा किंचित तिरपा दातसुद्धा तसाच ठेवून. त्या दिवशी दात नसलेल्या तोंडाकडे बघून तिला एवढंच समजलं होतं, की आईला शेवटी आपलं तेवढंही नको होतं. पाच वर्षं ती हेच धरून बसली होती.

"आणि हे तुला तीन रविवारांत आठवलं," ती आवाज न चढवता म्हणाली. "त्याआधी पाच वर्षं काय करत होतीस? गाणी म्हणत होतीस?"

"हो."

"का केलंस?"

"मी दिवसातून चार वेळा तिची चादर बदलायचे. भरवायचे, पुसायचे. आणि ती मला तुझ्या नावाने हाक मारायची. मला वाटायचं, एक दिवस तरी तिने म्हणावं, छकुली, तू आहेस तेवढं पुरे. नाही म्हणाली."

ताईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. कुठेतरी खोट असेल, एखादा तयार हुंदका, चर्चमधला रुमाल. पण रुमाल बाहेर आलेला नव्हता. नाक वाहत होतं आणि छकुलीला त्याचं भानही नव्हतं. नावं ठेवायला ताईला काही सापडेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"नीच आहेस तू," ती म्हणाली.

"हो."

"हो हो करू नकोस. ती नेमकं कसं विचारायची ते सांग. शब्दन् शब्द. काही गाळू नकोस, आणि मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस."

छकुलीने सांगितलं. बराच वेळ लागला. मधे दोनदा ताईने तिला अडवून आधीचं पुन्हा सांगायला लावलं.

"प्रार्थना करू या का?" छकुलीने अगदी बिचकत विचारलं.

"तुझी ती पाल्हाळाची नको. आई झोपताना म्हणायची ती, साधी."

छकुलीने प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीला ताईचा आवाज मिसळला. वापर नसल्यामुळे तो घोगरा झाला होता, पण सुरात होता. रोजची भाकर मागणाऱ्या ओळीपर्यंत दोघी बरोबरीने आल्या. मग, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, हे वाक्य आलं आणि ताई थांबली.

छकुलीही थांबली.

"तू म्हण पुढे," ताई म्हणाली. "मला हे आज जमायचं नाही. कदाचित कधीच नाही."

"मी थांबते."

"उपासना संपेल तुझी."

"संपू दे."

ताईने डोळे उघडले नाहीत, की जोडलेले हातही सोडले नाहीत. त्या वाक्यापाशी दोघी तशाच बसून राहिल्या.