फरशीखाली गाडलेला चेंबर

मित्रांनो, माझे नाव निघाले की लोक नाक मुरडतात, म्हणून माझी गोष्ट ऐकायला आजवर कोणी थांबले नाही. आज तुम्ही थांबा. मी सातपूरच्या एका कामगार वसाहतीतला सांडपाण्याचा जुना चेंबर आहे. दोन घरांचे पाणी माझ्यात उतरे आणि माझ्यातून गल्लीतल्या मोठ्या गटाराला जाई. हेच काम मी पस्तीस वर्षे मुकाट्याने केले. तरी मला जिवंत गाडले. त्याचा सूड कसा उगवला गेला ते मी सांगणार आहे. मी मोठ्या मनाचा आहे असे समजून मात्र ऐकू नका.

मला बारकू गवंड्याने बांधले. देवळ्याकडची कांद्याची शेती भावांवर सोडून तो तेव्हा नुकताच शहरात आला होता. त्याने पक्क्या विटा लावल्या, आतून सिमेंट असे घोटले की बोट फिरवले तर घसरावे, आणि वर लोखंडी झाकण बसवले. एका भिंतीला चिकटून दोन घरे होती. एक कारभारींचे, दुसरे कोपऱ्यावरचे मंगलाबाईंचे. कारभारी आणि मंगलाबाईंचे यजमान एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. दोन चेंबर कशाला, एकच सामाईक बांधू, असे दोघांनी ठरवले. म्हणून मी बरोबर हद्दीवर आलो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मोठे गटार कोपऱ्याच्या बाजूला असल्यामुळे माझ्यातून निघणारा पाइप मंगलाबाईंच्या अंगणाखालून न्यावा लागला. त्यांच्या यजमानांनी हसत हो म्हटले. कागद कोणी केला नाही. मंगलाबाई त्या दिवसांत बारकूला चहा आणून देत आणि खणलेला चर न्याहाळत उभ्या राहत.

ते दिवस चांगले होते. दर दिवाळीआधी दोन्ही पुरुष पहारीने माझे झाकण उचलत आणि बांबूची कामटी घालून मला साफ करत. मंगलाबाई आणि कारभारींच्या पत्नी भागीबाई माझ्या दोन बाजूंना भांडी घासत, आणि घरातले सगळे एकमेकींना सांगत. माझ्यावर विश्वास होता म्हणून त्यांना माझी आठवण येत नसे. माझ्यासारख्याला याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

पुढे दोन्ही पुरुष एकामागोमाग गेले. मूलबाळ नसलेल्या मंगलाबाईंनी कंबर कसली आणि कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. भाजी तीनदा धुतल्याशिवाय त्या चिरत नसत. "डबा घ्यावा तर मावशींचा, घरच्याहून स्वच्छ," असे कामगार म्हणत. त्यांच्या मोरीतून येणारे तांदळाचे पाणी, डाळीचे पाणी मी आनंदाने पुढे पाठवत असे.

शेजारी कारभारींचा मुलगा दीपक सुपरवायझर झाला. त्याचे लग्न झाले, सून हर्षाली आली, घर अपुरे पडू लागले. मागे मोठे स्वयंपाकघर काढायचे त्याने ठरवले. त्यात गैर काही नव्हते. पण गवंड्याने दोरी लावली तेव्हा ती मंगलाबाईंच्या जागेत वीतभर आत आली होती आणि मी सगळाच्या सगळा दीपकच्या बाजूला गेलो होतो.

मंगलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "दीपक, दोरी आमच्या हद्दीत आलीय. आणि चेंबर तुझ्या घरात जातोय."

"मावशी, चेंबर बाहेर ठेवला तर ओटा बसत नाही," दीपक म्हणाला. "वीतभर जागेचं काय घेऊन बसलात? आणि मोजणी केलीय मी. जागा आमचीच आहे."

मोजणीचा कागद त्याने दाखवला नाही. मंगलाबाईंनी वसाहतीचा जुना नकाशा आणून उघडला, तर त्याने पाहिलासुद्धा नाही. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या भागीबाईंकडे पाहिले. हद्द कुठे आहे हे त्या बाईइतके कोणाला ठाऊक नव्हते. तिथेच तर बसून तिने आयुष्यभर भांडी घासली होती. भागीबाईंनी नजर खाली वळवली, त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

मग माझे हाल सुरू झाले. विटांचे तुकडे, ओला माल, सगळे माझ्यात पडत गेले. माझे लोखंडी झाकण भंगारात गेले. माझ्यावर लादी टाकली, लादीवर चकचकीत फरशी बसवली. जिथून मंगलाबाईंचे पाणी यायचे त्या तोंडाशी सिमेंटचा एक गोळा जाऊन घट्ट बसला. दीपकचे पाणी मात्र बिनघोर जात राहिले.

महिन्याभरातच मंगलाबाईंचे पाणी तुंबले. एका सकाळी त्या पोळ्या लाटत असताना मोरीतून काळे पाणी वर आले आणि जमिनीवरून पसरत पोळपाटाखाली शिरले. त्यांनी ते तांब्यातांब्याने उपसले. मग शेजारी जाऊन एक फरशी तेवढी काढू द्या, गोळा फोडून घेते, अशी विनवणी केली. नवीन फरशी तुमच्यासाठी फोडू का, असे दीपकने विचारले आणि तो कामाला निघून गेला. पुढच्याच आठवड्यात डबा न्यायला आलेल्या एका कामगाराने ते पाणी पाहिले. गोष्ट पाळीभर पसरली. कोणी म्हणाले गावाला चाललोय, कोणी म्हणाले आता स्वयंपाक हातानेच करतो. पंधरवड्यात सगळे डबे मांडणीवर पालथे झाले.

मंगलाबाई अर्ज घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेल्या. घराच्या आवारातली लाइन खासगी असते, ती तुम्ही आपसात मिटवा, असे तिथल्या माणसाने नियम दाखवून सांगितले. स्वतंत्र जोडणी हवी असेल तर मात्र रीतसर मिळेल, असेही तो म्हणाला. मंगलाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज बदललेला होता. माझ्यावर फरशी होती, पण जमिनीतून पावले कळतात.

त्यांनी बारकूला बोलावले. तो आता थकला होता, तरी आला. त्याने त्यांच्या मोरीपासून गल्लीपर्यंत नवा पाइप टाकला आणि माझ्याकडे येणारे त्यांचे जुने तोंड बुजवून टाकले. नव्या पाइपासाठी चर खणताना शेजारीच माझा जुना पाइप उघडा पडला. दीपकच्या घरचे सगळे पाणी त्यातूनच जात होते. हे दीपकला माहीत नव्हते. त्याने कधी विचारलेच नव्हते.

"हा कापा," मंगलाबाई म्हणाल्या, "आणि सिमेंटनं बंद करा."

बारकूने हातातली थापी खाली ठेवली. "ताई, पाइप त्यांचा हाय."

"पाइप त्यांचा. जागा माझी."

"लय वाईट व्हईल."

"व्हावं म्हणूनच करतेय, बारकूभाऊ."

मित्रांनो, त्या दिवशी बारकूने माझा पाइप कापून सिमेंटने बंद केला आणि तरी मी खूश होतो. ज्या घराने मला गाडले, त्याच घराचे पाणी माझ्यात साठणार होते आणि मला ते कुठेही पोहोचवायचे नव्हते.

दुसऱ्याच दिवशी दीपकच्या नव्या स्वयंपाकघराची वास्तुशांत होती. ही तारीख मंगलाबाईंना ठाऊक होती. निमंत्रण तेवढे नव्हते. सकाळपासून पाहुणे आले. आंघोळी झाल्या, पातेली धुतली गेली, पुरणाचा कट, तांदळाचे धुवण, सगळे खाली येत राहिले. मी भरत गेलो. पाणी गळ्याशी आले, लादीला टेकले. वर जायला वाट नव्हती, म्हणून मी ते आलेल्या वाटेने मागे फिरवले. पहिली पंगत बसली होती तेव्हा मोरीतून काळे पाणी गुडगुडत वर आले आणि चकचकीत फरशीवरून थेट पाटांखाली गेले. माणसे ताटावरून उठली. नाकाला रुमाल लावून एकेक जण चपला शोधू लागला. मंगलाबाई अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी एकेक कपडा झटकून, सरळ करून टाकला.

भागीबाई ओल्या पदराने कुंपणाशी आल्या. "मंगल, देवाच्या चौरंगापर्यंत घाण आली गं."

"माझ्या पोळपाटापर्यंत आली होती, वहिनी. आणि मी हद्द विचारली तेव्हा तुम्ही दार लावून घेतलंत."

भागीबाई ओला पदर पिळत मागे फिरल्या.

दीपकने नळदुरुस्तीवाला आणला. त्याची सळई मंगलाबाईंच्या अंगणाखाली जाऊन अडली, तेव्हा सगळे उघड झाले. दीपक तावातावाने आला आणि पोलिसांत जाईन म्हणाला. जरूर जा, त्यांनाही नकाशा आणि भिंत दाखवू, असे मंगलाबाईंनी शांतपणे सांगितले. मग आपल्या अटी सांगितल्या. भिंत हद्दीत मागे जाईल. चेंबर आभाळाखाली येईल, त्यावर झाकण येईल. आणि दीपक कारखान्याच्या दाराशी उभा राहून डबे घेणाऱ्या कामगारांना खरे सांगेल.

शेवटच्या अटीवर दीपक चार दिवस अडून बसला. ते चार दिवस हर्षाली आणि भागीबाई घरातले पाणी बादल्यांनी गल्लीत नेऊन टाकत होत्या आणि अख्खी वसाहत बघत होती. पाचव्या दिवशी नवऱ्याला न विचारता हर्षालीनेच गवंडी बोलावला. पहिला घाव फरशीवर पडला तेव्हा माझ्या अंगावर कपच्या आल्या आणि त्यांच्यामागून ऊन आले. मला त्या घराचे अजिबात वाईट वाटले नाही.

पाळी सुटायच्या वेळी दीपक कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला. त्याच्या हाताखालची माणसेही त्या गर्दीत होती. बारकू तिथे होता, त्याने मला झाकण बसवताना सगळे सांगितले. "मंगलामावशींच्या घरात घाण नव्हती," दीपक म्हणाला होता. "आमच्या भिंतीमुळं ती आत शिरली. भिंत आमची चुकीची होती." एवढे बोलून तो मोटारसायकल विसरून चालतच घरी आला.

काही डबे परत सुरू झाले. काही झालेच नाहीत. भिंत हद्दीमागे गेल्यावर मंगलाबाईंनी शब्द पाळला आणि दीपकचा पाइप मोकळा करून दिला. त्यांचे स्वतःचे पाणी मात्र माझ्याकडे पुन्हा आले नाही. भागीबाई आता एकट्याच भांडी घासतात आणि अधूनमधून हात थांबवून पलीकडे कान देतात.

मित्रांनो, घर जरूर वाढवा. पण पाया खणण्याआधी शेजाऱ्याला बोलवा, नकाशा उघडा, आणि आपले पाणी कोणाच्या अंगणातून जाते ते विचारून घ्या. सामाईक चेंबरवर भिंत चढवू नका. वर्षातून एकदा झाकण उचलून त्याला साफ करा. हे मी मायेने सांगत नाही, ताकीद म्हणून सांगतो.

दीपकचा पाइप जोडून देताना बारकू म्हणाला होता की आता चर बुजवून टाकतो. मंगलाबाईंनी त्याला थांबवले. पाइप जिथे कापला होता त्याच जागेवर, आपल्या अंगणात, त्यांनी एक छोटा चेंबर बांधून घेतला. लाइन सरळ आहे, इथे चेंबर कशाला, असे बारकूने विचारले. "हाताशी असू दे," त्या म्हणाल्या. आता रोज सकाळी त्या झाकणावर पाट टाकून मंगलाबाई डब्यांची भाजी निवडत बसतात. दीपक कामाला निघतो, मोटारसायकल सुरू करतो आणि त्या झाकणाकडे एकदा पाहिल्याशिवाय गल्लीतून बाहेर पडत नाही.