मानकीचा फोटू

माघातली कोवळी, केशरी सकाळ सिपना नदीच्या पात्रावर उतरत होती. सागाची विशाल, विदीर्ण पाने एकेक करून गळत होती, आणि त्या पर्णपाताचा शुष्क, करुण नाद मेळघाटाच्या दरीदरीतून विरत विरत जात होता.

त्या सकाळीला आता चाळीस वर्षे झाली. वसुधा चिटणीसच्या मनात ती अजून मावळलेली नाही.

तेव्हा ती तिशीची होती. खांद्यावर कॅमेरा, पावलांवर धूळ, आणि डोळ्यांत अनोळखी चेहऱ्यांची अनिवार तृष्णा. रानोरानी, वाटोवाटी ती माणसांची मुखे टिपत हिंडे. त्या कोरकू वस्तीत ती पोचली, तेव्हा शेवटच्या रोलात दोनच फोटो उरले होते. त्यांतला एक तिने परतीच्या वाटेवरच्या नदीसाठी राखला होता.

फुलाय कासदेकर अंगणात कुटकीचे बारीक दाणे पाखडत होती. सत्तरीची, श्यामवर्णा, शुभ्रकेशा. कपाळावर हिरवे गोंदण. फोटो काढू का, असे वसुधाने विचारले. म्हातारीने सूप बाजूला ठेवले आणि शिळेसारखी निश्चल बसली. फोटो निघाला.

पण ती उठली नाही. मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत म्हणाली, "आता माह्या बहिणीचा काढ."

बहीण कुठे आहे, असे वसुधाने विचारले. फुलायने वस्तीच्या कडेला बोट दाखवले. तिथे मृतांच्या स्मरणार्थ रोवलेले सागाचे खांब उभे होते. त्यांवर सूर्य कोरलेला होता, चंद्र कोरलेला होता. चेहरा मात्र कुणाचाच नव्हता.

मानकी तिची जुळी बहीण. विसाव्या वर्षी तापाने गेली. तिला पाहिलेले वस्तीत आता फुलायशिवाय कुणी उरले नव्हते, आणि फुलायलाही हल्ली तिचे रूप धुक्यातल्या झाडासारखे पुसट आठवत होते.

"आमचं तोंड एकच होतं, बाई," ती म्हणाली. "मी मेली की तिचं बी जाईन."

वसुधा क्षणभर घुटमळली. मनात नदी झुळझुळली. मग तिने मनातल्या मनात नदीचा निरोप घेतला.

फुलायने बोटांनी भांग दुसऱ्या बाजूला वळवला. मानकी तसाच पाडायची. पदर सैल सोडला, हनुवटी उचलली, आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यातून हसली. वसुधाने भिंगातून पाहिले. तेच नेत्र, तीच नासिका, तेच गोंदण. पण समोर बसलेली बाई निराळीच होती. अवखळ, आनंदविभोर, कुणाचेही न ऐकणारी.

वसुधाने कळ दाबली.

पुढल्या माघात ती दोन्ही फोटो घेऊन आली. स्वतःचा फोटो फुलायने पाहिला न पाहिलासा केला आणि नातसुनेच्या हाती दिला. दुसरा मात्र तिने दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला, पाहिला, पाहतच राहिली. मग त्या फोटोशी ती कोरकूत काहीतरी बोलली. हळू, लाडिक, फार दिवसांनी माहेरी आलेल्या कुणाशी बोलावे तशी.

काय म्हणाली, असे वसुधाने नातसुनेला विचारले.

"आजी म्हनते, तू बी म्हातारी झाली, मानकी. बरं झालं."

विसाव्या वर्षी थांबलेली ती पोर सत्तरीला पोचली होती. न जगलेले पन्नास उन्हाळे, न सोसलेले पन्नास हिवाळे तिच्या मुखावर रेषारेषांनी उमटले होते, आणि तरी ती हसत होती.

तो फोटो वसुधाने पुढे कुठल्याच प्रदर्शनात मांडला नाही. कुणी विचारलेच तर ती म्हणे, तो माझा नाही.

फोटो दिले त्या दिवशी निघताना तिने एकदाच मागे वळून पाहिले. दिवस कलला होता. फुलाय ओट्यावर फोटो मांडीवर घेऊन बसली होती. तिरपे, तांबूस ऊन सरकत सरकत फोटोतल्या डोळ्यांवर आले. फुलायने आपला तळवा त्या डोळ्यांवर आडवा धरला; आणि ऊन डोंगरामागे उतरेपर्यंत, हळूहळू, अगदी हळूहळू उतरेपर्यंत, ती तेवढी सावली धरून बसली.