अकराची हाक

उस्ताद मेल्यावर नळात राहायला गेला, ही अफवा माझीच.

मी आमच्या वस्तीचा पाणीवाला. टेकाडावर टाकी, टाकीखाली पंपाची खोली, तिथून उतरणारी एक मोठी लाइन आणि तिच्यावर एकशे बारा घरं. सकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडायचा, अकराला बंद करायचा. माझ्या आधी हे काम उस्तादाकडे होतं. त्यानेच मला शिकवलं, ते पण शिव्या देत देत. मग एक दिवस जेवता जेवता आडवा झाला तो उठलाच नाही.

सगळ्यात खालच्या गल्लीत शेवटचं घर माझ्या ताईचं. तिच्या शेजारी उस्तादाची बायको, आमची काकी, एकटीच राहते. एकदा ताई म्हणाली, "अरे, पाणी गेलं की आमचा नळ विव्हळतो. अकरा वाजले की हूऽऽ करतो. अंगावर काटा येतो माझ्या."

"तो उस्ताद गं," मी म्हटलं. "मला व्हॉल्व्ह बंद करायला पाच मिनिटं उशीर झाला की बोंबलतो."

"मेल्या, जिभेला काही हाड आहे का तुझ्या?"

नव्हतंच. आठवड्याभरात मी अख्ख्या वस्तीला उस्ताद विकला. शिंपी नळाला "येतो हां" म्हणून कामावर जायला लागला. न्हावी तर बादली लावण्याआधी खाकरायचा, उगाच कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटू नये म्हणून. मी पंपाच्या खोलीत एकटाच पोट धरून हसायचो.

आता जरा न हसण्यासारखं सांगतो. पाणीवाल्याचा एक नियम असतो. रोज एक काचेची नळी घेऊन शेवटच्या नळापर्यंत चालत जायचं, नळीत पाणी धरायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर समजायचं, टाकीत घातलेली ब्लीचिंग पावडर इथपर्यंत जिवंत पोचली. उस्ताद सत्तावीस वर्षं गेला, तापातसुद्धा गेला. मला मात्र तो उतार, ते गुडघे, आणि परत येतानाचा चढ! मी पंपाच्या खोलीतल्याच नळाखाली नळी धरायचो. तिथे पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं. शेवटच्या नळाचा क्लोरीनचा आकडा वहीत मनानेच लिहायचो. खरा वाटावा म्हणून कधी पॉइंट दोन, कधी पॉइंट तीन. त्यातही मला मजाच वाटायची.

ताईची नात चार वर्षांची. तिला आम्ही फटाकडी म्हणतो. उस्ताद तिला घाबरवेल असं वाटलं होतं, पण ती त्याच्याशी गप्पा मारायला लागली. अकरा वाजता नळाला कान लावायची. मी तिला म्हटलं, "पाणी गेल्यावर शेवटी एक पेला येतो ना, तो उस्ताद खास तुझ्यासाठी राखून ठेवतो. बाकी कुणाला देत नाही." झालं. त्या दिवसापासून पोरगी आपला छोटा स्टीलचा पेला घेऊन रोज नळाखाली हजर. घरातले सगळे सकाळीच पाणी भरून ठेवायचे. ती मात्र तेच प्यायची. एका दमात.

सोमवारी ताईचा फोन आला. शिवी नाही, काही नाही. नुसतं म्हणाली, "दवाखान्यात ये."

फटाकडीचे डोळे आत गेले होते. रात्रभर उलट्या आणि जुलाब. हातात सुई, ओठ पांढरे, आणि ताईच्या सुनेच्या मांडीवर ती अशी पडली होती, की तिथे नुसती चादरच असावी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं पिते?"

"आमचंच. रोज तपासतो," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "घरात बाकी कुणाला काही झालं नाही. मग हिलाच का? आज-उद्या तिच्या अंगात पाणी टिकलं तर ठीक. नाहीतर अवघड आहे."

बाहेर रस्त्यावर आलो. हिलाच का, हिलाच का, असं डोक्यात चाललेलं. चपलांच्या दुकानासमोर पेला आठवला आणि मी तिथेच पायरीवर बसलो. दुकानदार म्हणाला, "काय हो, नवीन सोंग का?"

नळात हवा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती आत जाते की बाहेर येते, एवढं मात्र मी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनच्या कडेने उतरत गेलो. धोब्याच्या घरामागे आमचा पाइप गटार ओलांडतो. तिथला सांधा काळ्या पाण्यात बुडालेला होता. पाणी चालू असताना त्यातून बारीक बुडबुडे वर येत होते, म्हणजे आमचं पाणी बाहेर. आणि पाणी बंद झाल्यावर? विहिरीत टाकायचं लाल औषध मी मूठभर त्या डबक्यात टाकलं. तरुणपणी एका सावकाराच्या हौदात टाकलं होतं तेच. तेव्हा पळून जाऊन झाडावर बसून हसलो होतो. वरती टाकीच्या चौकीदाराला सांगून ठेवलं होतं, अकराला व्हॉल्व्ह फिरव.

ताईचं घर रिकामं होतं. किल्ली माझ्याकडे असते. मी फटाकडीचा पेला नळाखाली धरला आणि तोटी उघडी ठेवली.

अकरा वाजले. धार बारीक झाली, तुटली. मग नळाने श्वास घेतला. खरंच सांगतो, श्वासच. हूऽऽ. खोल, लांब, एखादा माणूस तोंडात पाइप धरून ओढतोय तसा. माझीच थाप, माझाच उस्ताद, आणि मानेवरचे केस उभे. दोन क्षण मला वाटलं, तो आता माझं नाव घेणार. मग पेल्यात पाणी पडायला लागलं. आधी नितळ. मग गुलाबी. मग जांभळं.

"हे काय आहे?"

दारात ताई उभी होती, पोरीचे कपडे न्यायला आलेली.

"गटार," मी म्हटलं.

आणि सगळं सांगितलं. पेल्याची थाप, शेवटच्या नळापर्यंत न मारलेली फेरी, मनाने लिहिलेले आकडे. ती ऐकत होती आणि फ्रॉकच्या घड्या घालत होती. तीनच फ्रॉक होते, पण ती परत परत घालत होती. मला वाटलं आता थोबाडीत बसेल, बसली तर बरं होईल. तिने माझ्या हातातला पेला घेतला, पाणी मोरीत ओतलं, पेला पिशवीत टाकला आणि निघून गेली.

नळातून अजून ठिबकणारं जांभळं पाणी मी एका बाटलीत धरलं आणि ती घेऊन एकशे बारा घरं फिरलो. "उकळून प्या."

"का, उस्तादाला जुलाब झाले?" शिंपी म्हणाला, आणि अख्खी गल्ली हसली.

"हसा. पण उकळा. उस्ताद मी बनवला होता. ही बाटली मी नाही बनवली." बाटली उन्हात धरली. मग कुणी हसलं नाही.

दोन दिवस लागले. सांधा कापला, पाइप गटाराच्या वर उचलून घेतला, लाइन धुतली, पावडरचा दुप्पट डोस दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून सुनेचा फोन आला. फटाकडी उठून बसली होती आणि बिस्किट मागत होती. मी भर रस्त्यात रडलो. न्हाव्याने पाहिलं आणि मान वळवली. एरवी त्याने महिनाभर चिडवलं असतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला मी खालच्या गल्लीत गेलो, आवाज गेला का बघायला. काकी तिच्या नळासमोर स्टुलावर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

पाणी गेलं. धार तुटली. एक थेंब. मग काहीच नाही.

"बोलला नाही रे," काकी म्हणाली.

"काकी, ती माझी थाप होती. हवा होती ती. लाइन बाहेरचं ओढत होती."

"माहितेय."

"काय?"

"चाळीस वर्षं पाणीवाल्याबरोबर संसार केला मी. नळ हुंकारला की ते ताट सोडून उठायचे. म्हणायचे, पाइप कुठेतरी फुटलाय, घाण ओढतोय." ती नळाकडेच बघत होती. "पहिल्या दिवशीच कळलं मला. तुला सांगायला वर चढायला निघाले होते. मग म्हटलं, उद्या सांगू. घरात रोज कुणीतरी आवाज देत होतं ना रे."

मी भिंतीला टेकलो. दोन्ही घरांमध्ये ती एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे पोरगी रोज पेला घेऊन उभी असायची. काकीला ते दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत असणार. फटाकडी हळू कधी बोलतच नाही.

"ताईला सांगशील?" काकीने विचारलं.

"सांगू कसं? ती माझ्याशी बोलतेय कुठे."

काकी हसली नाही. मीही नाही. ती हळूच उठली, स्टूल आत नेलं आणि दार लोटून घेतलं. जरा वेळाने आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी ताईच्या दाराकडे वळलो, दार वाजवायला हात वर केला, आणि तो तसाच धरून उभा राहिलो.